नारिंगी पेटुनियाचा गुन्हा काय?

हेलसिंकीच्या रेल्वे स्टेशनाबाहेरच्या मोठ्या कुंड्यांमध्ये २०१५ साली नारिंगी पेटुनिया फुलली होती. येणारे-जाणारे बघून पुढे जात होते. टीमू तेरी हे वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र थबकले, कारण पेटुनियात असा नारिंगी रंग येतच नाही. पांढरा, गुलाबी, जांभळा, गर्द लाल हे सगळे येतात. नारिंगीसाठी पेलार्गोनिडिन नावाचं रंगद्रव्य लागतं, आणि ते बनवण्याच्या वाटेवर असलेलं पेटुनियाचं एन्झाइम नेमका त्याचा कच्चा माल उचलत नाही. मक्याचं उचलतं. म्हणून १९८७ मध्ये जर्मनीत कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेत मक्याचं ते एक जनुक पेटुनियात घातलं गेलं होतं आणि विटकरी-नारिंगी फूल मिळालं होतं. तेरींना हा इतिहास ठाऊक होता. त्यांनी झाडाचा नमुना प्रयोगशाळेत नेऊन तपासला. मक्याचं जनुक त्यात होतं.

एप्रिल २०१७ मध्ये फिनलंडच्या सरकारी यंत्रणेने पेटुनियाचे आठ वाण बाजारातून काढायला सांगितले. मग युरोपातल्या इतर देशांनी तपासायला घेतलं, मग अमेरिकेने. जिथे तपासावं तिथे तेच जनुक. ऐन विक्रीच्या हंगामात नर्सऱ्यांनी रोपं उपटून जाळली, पुरली, कुजवली. त्यात ‘आफ्रिकन सनसेट’ नावाचा वाणही होता, ज्याला २०१४ साठी अमेरिकेतल्या बागकामाच्या क्षेत्रातला नावाजलेला पुरस्कार मिळालेला होता. बक्षीस देताना परीक्षकांना रंग आवडला. तो कुठून आला हे कुणी विचारलं नाही. गंमत पुढे आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने झाडं नष्ट करायला सांगतानाच हेही सांगितलं होतं की या पेटुनियापासून माणसाला किंवा पर्यावरणाला धोका नाही. परवाना नाही, म्हणून नष्ट करायची. आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याच खात्याने हीच नारिंगी पेटुनिया नियमांच्या कक्षेतून मोकळी केली. झाड तेच, जनुक तेच, रंग तोच.

मग गुन्हा काय होता? कागद नसणं, एवढाच.

हे प्रकरण मी इतकं सविस्तर सांगतोय, कारण शोभेच्या फुलझाडांत जनुकबदल करायला परवानगी असावी का, या प्रश्नावर आपल्याकडे बोलणं सुरू झालं की ते लगेच बीटी वांग्यावर (अळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या वांग्यावर) आणि जनुकबदल केलेल्या मोहरीवर घसरतं. वांगं खायचं असतं. पेटुनिया कुंडीत असते. दोघांना एकच मोजपट्टी लावायची का? आपल्या कायद्याने लावली आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम बाहेरचं जनुक घातलेल्या प्रत्येक सजीवाला सारखेच लागू होतात. ते ज्वारीचं ताट आहे की जरबेराचं फूल, याने फाईलच्या वाटेत फरक पडत नाही. जनुकबदलाचे अर्ज तपासणाऱ्या केंद्राच्या जीईएसी समितीपर्यंत जायचं, त्याआधी चाचण्यांचे टप्पे, शेतातल्या चाचणीसाठी राज्याचं ना-हरकत पत्र. माझं मत असं की फुलझाडांसाठी ही वाट वेगळी आणि सोपी करायला हवी. पण सगळ्या फुलझाडांसाठी नाही. कोणत्या झाडाला सोपी आणि कोणत्याला आजच्यापेक्षाही अवघड, हे ते झाड कुंडीबाहेर पडलं तर काय करेल यावरून ठरावं.

आधी एक घोळ निस्तरू. ‘टिश्यूची केळी’ म्हणजे जनुकं बदललेली केळी, असं शहाणीसुरती माणसंही सांगतात. तसं नाही. पुण्याच्या आसपास टिश्यू कल्चरच्या लॅब आहेत. काचेच्या कपाटासारख्या लॅमिनारसमोर मास्क लावून बसलेल्या बायका चिमटा आणि ब्लेड ज्योतीवर धरतात, बाटलीतला जरबेराचा झुबका बाहेर काढतात, त्याचे तुकडे करतात, पुन्हा नव्या बाटलीतल्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या माध्यमावर, रोवतात. हाताचा वेग बघण्यासारखा असतो. बोलणं जवळजवळ नाही, कारण श्वासातूनही बुरशी जाते. एका झुबक्याचे चार, चाराचे सोळा. मग मुळं, मग प्रो-ट्रेमध्ये कोकोपीट, मग हार्डनिंग, म्हणजे रोपाला बाहेरच्या हवेची सवय. यात जनुकाला कुणी हात लावलेला नसतो. मूळ झाड जसं, तसंच हुबेहूब रोप. जळगावच्या केळीपासून मावळातल्या पॉलिहाऊसमधल्या जरबेरापर्यंत आपला सगळा पसारा याच तंत्रावर उभा आहे आणि तो जीएम, म्हणजे जनुकबदल केलेला, नाही.

पण उलट दिशेने पाहिलं तर नातं खरं आहे. फुलझाडात जनुक घालायचं तर बहुतेक वेळा टिश्यू कल्चरवाचून गत्यंतर नसतं. जनुक शिरतं एका पेशीत, आणि त्या एका पेशीतून अख्खं झाड उभं करायचं ते बाटलीतच. १९८५ मध्ये याची सुटसुटीत रीत बसली, तीही पेटुनिया, तंबाखू आणि टोमॅटोवर. पानाच्या छोट्या गोल चकत्या कापायच्या आणि त्या ॲग्रोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूच्या पाण्यात बुडवायच्या. हा मातीतला जिवाणू. द्राक्षाच्या आणि गुलाबाच्या खोडावर बुंध्याशी गाठी येतात, त्या याच्याच. तो आपल्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो आणि पेशीला गाठ बनवायला लावतो. शास्त्रज्ञ गाठीची जनुकं काढून त्या जागी हवं ते जनुक बसवतात. घुसवण्याचं काम जिवाणू करतो. दोन दिवसांनी चकत्या अशा माध्यमावर ठेवायच्या, ज्यात जिवाणूला मारणारं औषध आहे आणि जनुक न मिळालेल्या वनस्पतिपेशींना मारणारं कॅनामायसिनही. चकती पिवळी पडते, फिक्कट होते. आठवड्यांनी तिच्या कडेवर कुठेतरी हिरवा ठिपका दिसतो. तो वाचलेला. त्याला फुटवा आणायचा, मुळं आणायची. पेटुनिया यात समजूतदार आहे. गुलाब महिनोन्‌महिने घेतो आणि पुष्कळदा शेवटी मुळंच धरत नाही.

आता पद्धतीवरून परवानगी ठरवण्यातला विचित्रपणा बघा. शेवंतीच्या काड्यांवर गॅमा किरणांचा मारा केला, तर तिच्या जनुकांमध्ये कुठे काय मोडतं ते कुणालाच सांगता येत नाही. त्यातून वेगळ्या रंगाची फांदी निघाली की ती वाढवायची आणि वाण म्हणून विकायची. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने शेवंतीचे आणि बोगनवेलीचे असे वाण दिले आहेत. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा टीएजी-२४ भुईमूग महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला नवा नाही. जगभरात किरणोत्सर्गाने किंवा रसायनांनी घडवलेल्या वाणांची नोंद तीन हजारांच्या वर आहे. त्यांना जीईएसी नाही. शेकडो अज्ञात बदल चालतात, एक माहीत असलेला बदल चालत नाही. मार्च २०२२ मध्ये केंद्राने एक पाऊल टाकलं: बाहेरचं जनुक न घालता झाडाच्याच जनुकात छोटी दुरुस्ती केली असेल, तर त्या झाडाला या नियमांतल्या लांबलचक वाटेतून सूट. मे २०२५ मध्ये भाताचे तसे दोन वाण जाहीरही झाले. म्हणजे पद्धतीवर बोट ठेवणारा नियम सरकारलाही अडचणीचा वाटतो. पण सुटकेची रेघही त्यांनी पद्धतीवरच आखली.

याचा अर्थ प्रयोगशाळेतून निघेल ते बागेत लावा, असा मी काढत नाही. जनुक शेतात कसं वागेल हे बाटलीत कळत नाही, आणि याचा धडाही पेटुनियानेच दिला आहे. कोलोनची नारिंगी पेटुनिया १९९० च्या उन्हाळ्यात उघड्यावर लावली, सुमारे ३० हजार रोपं. जर्मनीतली ती अशी पहिली चाचणी. तिच्याविरुद्ध निदर्शनंही झाली. ऊन तापलं आणि पुष्कळ झाडांच्या फुलांचा नारिंगी रंग उडू लागला. जनुक जागेवर होतं, झाडाने त्याला कुलूप घातलं होतं. त्याच सुमाराला अमेरिकेत रिच जॉर्गेन्सन आणि सहकाऱ्यांनी पेटुनियाचा जांभळा गडद करण्यासाठी तिचंच रंगाचं जनुक तिला जास्तीचं दिलं. फुलं पांढरी आली, काही पट्ट्यापट्ट्यांची. जास्तीच्या जनुकाने आपल्यासकट मूळचंही गप्प केलं होतं. जनुकं अशी गप्प कशी होतात, याचा उलगडा पुढे एका सूक्ष्म कृमीवर झाला आणि २००६ चं नोबेल त्याला मिळालं. पेटुनियाच्या वाट्याला कुंडीच आली.

तेव्हा चाचणी हवी. प्रश्न आहे चाचणीत काय विचारायचं.

फुलझाडाने आपल्या मुलखाचं सर्वांत मोठं नुकसान कसं केलं, ते बघायला लांब जावं लागत नाही. इंद्रायणीवर, पवनेवर, मुळा-मुठेवर, उजनीच्या फुगवट्यावर पसरणारी जलपर्णी ही शोभेची वनस्पती. मूळची दक्षिण अमेरिकेतली, जांभळ्या तुऱ्याच्या मोहाने तळ्यांत सोडलेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली आणि देशभर झाली. दरवर्षी ती काढण्याची टेंडरं निघतात आणि दरवर्षी ती परत येते. टणटणी, म्हणजे घाणेरी, तीही बागेचीच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात लावली, आज सह्याद्रीपासून मेळघाटापर्यंत रानात तिचे काटेरी पुंजके आहेत आणि त्याखाली गवत उगवत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर पावसाळा सरताना पिवळा-केशरी कॉसमॉस पसरतो, लोक त्यात उभं राहून फोटो काढतात. तोही कुणाच्या तरी बागेतून निसटलेला. यांतल्या एकाही झाडाचं जनुक कुणी बदललेलं नव्हतं. आजही परदेशातून नवं फुलझाड आणायचं तर त्याच्याबरोबर कीड-रोग येत नाहीत ना, हे तपासलं जातं. ते झाडच रोग होऊन बसेल का, याची चौकशी ढिली आहे. जिच्यात मक्याचं एक जनुक आहे त्या पेटुनियाला दहा वर्षं कागद, आणि जिला जन्मजात पसरायची खोड आहे तिला हिरवा कंदील! या दोघींना एकाच प्रश्नाने तोलायचं असेल, तर प्रश्न पसरण्याचा असायला हवा.

त्याला जोडून दुसरा: इथे तिचे रानातले नातेवाईक आहेत का?

हा प्रश्न जपानने नीट विचारला, म्हणून तिथलं उदाहरण घेतो. सनटोरी ही तिथली मद्य आणि पेयांची कंपनी ऑस्ट्रेलियातल्या फ्लोरिजीनबरोबर १९९० पासून निळ्या गुलाबाच्या मागे होती. गुलाबाच्या पाकळीत डेल्फिनिडिन हे निळं रंगद्रव्य बनत नाही, कारण त्यासाठीचं जनुकच त्याच्याकडे नाही. आधी कार्नेशन जमलं. १९९६ मध्ये जांभळं ‘मूनडस्ट’ ऑस्ट्रेलियात बाजारात आलं. गुलाब २००४ मध्ये जाहीर झाला आणि २००९ मध्ये जपानी दुकानांत, एका दांडीला दोन-तीन हजार येन. जपानच्या रानात गुलाबाच्या जाती आहेत. या गुलाबाचं परागण त्यांच्याशी झालं तर? तपासात आढळलं की नवं जनुक झाडाच्या फक्त बाहेरच्या थरातल्या पेशींत आहे. रंग पाकळीच्या पृष्ठभागावर असतो, म्हणून फूल रंगतं. पराग आतल्या थरातून तयार होतो, म्हणून परागात ते जनुक नाही. प्रश्न नेमका विचारला, म्हणून उत्तरही नेमकं मिळालं आणि परवानगी देता आली.

शेवंतीचं उत्तर तिथेच वेगळं आलं. २०१७ मध्ये जपानच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेने सनटोरीसोबत खरोखर निळी शेवंती जाहीर केली. तिच्यात दोन जनुकं घातली होती, एक कॅम्पॅन्युला या घंटेसारख्या फुलाचं आणि दुसरं गोकर्णाचं. हो, आपल्या कुंपणावरचा निळा गोकर्ण. त्याच्या रंगातली युक्ती शेवंतीला दिली आणि ती निळी झाली. पण जपानच्या डोंगरांत आणि किनाऱ्यांवर रानशेवंतीच्या जाती आहेत आणि त्या बागेतल्या शेवंतीशी सहज संकर करतात. म्हणून तिथे जनुकबदल केलेली शेवंती वांझ कशी करता येईल, यावर वेगळं संशोधन करावं लागलं. एकाच देशात, एकाच रंगासाठी, एका झाडाला दार उघडलं आणि दुसऱ्याला थांबवलं. मला हवी ती शिस्त ही.

हीच कसोटी महाराष्ट्राला लावून पाहू. जरबेरा आफ्रिकेतला. कार्नेशन भूमध्य समुद्राच्या बाजूचं. गुलछडी मेक्सिकोची, झेंडूही मेक्सिकोचा (देवाने अजून त्याचा पासपोर्ट विचारलेला नाही). यांना सह्याद्रीत जवळचं कुणी नाही. जरबेरा पॉलिहाऊसबाहेर आपणहून रानात पसरला तर नवल. अशा झाडात रंगाचं जनुक घातलं म्हणून सह्याद्रीचं काही बिघडत नाही. झेंडू मात्र बी धरतो आणि शेजारच्या शेतातल्या झेंडूत परागातून जाऊ शकतो, म्हणून त्याला एक पायरी वर ठेवावं लागेल. आता तेरडा घ्या. बागेतला तेरडा आणि रानातला तेरडा शेजारी-शेजारी राहतात. त्याची शेंग पिकली की बोट लावताच तडकते, बिया उडतात. कासपासून आंबोलीपर्यंत तेरड्याच्या कुळातल्या जाती आहेत, त्यातल्या काही फक्त पश्चिम घाटातच सापडतात. जनुकबदल केलेला तेरडा किंवा त्याच्या कुळातलं कुठलंही इम्पेशन्स कुणी आणायचं म्हटलं तर मी त्याला आजच्या जीईएसीपेक्षा कडक प्रश्न विचारीन, आणि ते जनुकबदल न केलेलं परदेशी इम्पेशन्स असलं तरी विचारीन. मोगरा-जाईजुईचं तसंच, कुसर ही त्यांची रानातली बहीण सह्याद्रीत झाडांवर चढून फुलते. ‘शोभेची फुलं’ अशी एकगठ्ठा सूट मागणारे आणि एकगठ्ठा बंदी मागणारे, दोघांनाही तेरडा आणि जरबेरा यांतला फरक बघायचा नसतो.

या मताला सर्वांत वजनदार हरकत माझ्या मते दुसरीच आहे. फूल खात नाहीत, म्हणून त्याला सोपी वाट, असं म्हणणं युरोपात शोभतं. आपल्याकडे फूल कुठे थांबतं? गावठी गुलाबाचा गुलकंद होतो. पानवाला गुलाबाची पाकळी घालतो. हल्ली गोकर्णाचा निळा चहा शहरभर मिळतो. झेंडूच्या पाकळ्यांतलं रंगद्रव्य काढून कोंबड्यांच्या खाद्यात जातं, म्हणजे अंड्याच्या बलकापर्यंत पोचतं. देवाला वाहिलेली शेवंती निर्माल्यात, निर्माल्य गाईच्या तोंडी. इथे ‘शोभेचं’ ही रेघ पाण्यावरची आहे. म्हणून ज्या फुलाचा खाण्याशी संबंध आहे, त्याला अन्नसुरक्षेची तपासणी चुकू नये; मग वाण फक्त फुलदाणीसाठी असल्याचं कंपनीने कितीही लिहून दिलं तरी. कार्नेशन, जरबेरा, ऑर्किड, लिली यांच्याबाबत हा प्रश्न जवळजवळ येत नाही. गुलाबाबाबत येतो. ही अडचण खरी आहे आणि माझ्या प्रस्तावातल्या सोप्या वाटेवरून ती गुलाबाला बाहेर काढते. मावळच्या गुलाबवाल्यांना हे आवडणार नाही.

‘निव्वळ शोभेसाठी निसर्गाशी खेळ कशाला’ ही हरकत मला तितकी पटत नाही. शोभेची फुलं म्हणजे पहिल्यापासून खेळच. दुहेरी-तिहेरी पाकळ्यांचं फूल बनतं ते पुंकेसरांच्या जागी पाकळ्या आणून. त्यात मधमाशीला ना पराग ना नीट वाट. दुकानातला लांब दांडीचा गुलाब वासासाठी निवडलाच गेला नाही, म्हणून बिनवासाचा निघाला. हे सगळं शेकडो वर्षांच्या संकरातून झालं. खेळाची चीड असेल तर ती दुहेरी झेंडूवरही असू द्या.

आता पेटुनियाच्या प्रकरणातली ती बाजू, जी सूट मागणाऱ्यांना आवडत नाही. झाड निरुपद्रवी होतं, पण ते वर्षानुवर्षं जगभर विकलं गेलं आणि कुणाला पत्ता नव्हता. संशोधन १९८७ चं; १९९० च्या दशकात एका डच बियाणे कंपनीने त्यावरून वाण तयार करण्याचं काम केलं, पण बाजारात आणलं नाही. तरी ते जनुक कुणाच्या तरी संकरातून पुढे सरकलं आणि हेलसिंकीच्या कुंडीत उगवलं. उद्या अशाच वाटेने तेरड्यासारखं झाड निसटलं तर? आपल्याकडची परिस्थिती तर आणखी मोकळी. पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेच्या नर्सऱ्यांमध्ये रोप एका हातातून दुसऱ्या हातात जातं ते पिशवीतून. नाव म्हणाल तर ‘लाल डच’ किंवा ‘बेंगलोर पिवळा’. एक फांदी छाटून दहा कुंड्या होतात. आणि निसटलेलं जनुक आपण परत आणू शकत नाही, हे कापसाने दाखवून दिलं आहे. २००१ मध्ये गुजरातेत परवानगी मिळण्याआधीच बीटी कापूस शेतात उभा सापडला. २०१९ मध्ये अकोल्याच्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी बंदी असलेला तणनाशक-सहनशील कापूस उघडपणे पेरून सत्याग्रह केला. कडक कायदा कागदावर आणि बियाणं गावोगाव, ही आपली रीत. म्हणून सोप्या वाटेची एक अट मी सोडणार नाही: परवानगी मिळालेल्या प्रत्येक वाणाची जनुक ओळखण्याची चाचणी सरकारी प्रयोगशाळेकडे जमा असली पाहिजे, आणि नर्सरीत कुंडीवर तशी चिठ्ठी. न घेणाऱ्याला न घेता आलं पाहिजे. झाकून विकलेल्या निरुपद्रवी झाडापेक्षा सांगून विकलेलं झाड लोक जास्त सहन करतात. अमेरिकेत २०२४ पासून अंधारात हिरवट उजळणारी पेटुनिया विकली जाते. तिच्यात चमकणाऱ्या बुरशीची जनुकं आहेत आणि ती तशीच गाजावाजा करून विकली जाते. कुणी उपटली नाही.

राहता राहिला प्रश्न फायद्याचा. खरं सांगायचं तर निळा गुलाब आपल्या काही कामाचा नाही. जपानी गुलाब बघितला तर तो निळा नसून फिका जांभळा आहे. पाकळीतला रस आम्ल असतो आणि डेल्फिनिडिन त्यात तांबडेपणाकडे झुकतं. आणि आपल्या मांडववाल्याला निळं हवं असेल तर तो गुलछडीच्या दांड्या निळ्या रंगाच्या बादलीत उभ्या करतो. संध्याकाळपर्यंत काम झालं. या बादलीशी कुठलीच जनुककंपनी स्पर्धा करू शकत नाही.

पॉलिहाऊसमधल्या माणसाची अडचण रंगाची नाहीच. पावसाळ्यात गुलाबावर डाऊनी बुरशी, थंडीत भुरी, फेब्रुवारी संपला की लाल कोळी, वर्षभर फुलकिडे. फूल खायचं नसल्यामुळे त्यावर औषधाचा किती अंश उरतो याची भाजीसारखी चौकशी होत नाही, आणि व्हॅलेंटाइनच्या मालावर एक डाग चालत नाही. मग बंद हवेत, प्लॅस्टिकखाली, तोंडाला रुमाल बांधून गनने फवारणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच ओळींत बायका दांड्या तोडायला शिरतात. औषध त्यांच्या हातांवर, नाकात. अळीला तोंड देणारी बीटी शेवंती जपानच्या प्रयोगशाळेत झालेली आहे, काळ्या ठिपक्याच्या रोगाला दबणार नाही असा गुलाब करून पाहण्याचे प्रयत्नही झालेले आहेत. फुलदाणीत जास्त दिवस राहणाऱ्या कार्नेशनला युरोपात १९९८ मध्ये परवानगी मिळाली होती. बाजारात नाव झालं ते रंगवाल्या कार्नेशनचं, कारण रंग गिऱ्हाइकाला दिसतो. वाचलेली फवारणी फक्त फवारणाऱ्याला दिसते, आणि वाण कोणता काढायचा हे तो ठरवत नाही.

कोण ठरवतं, ते परवान्याच्या खर्चावर अवलंबून आहे. आजची वाट इतकी लांब आहे की ती चालण्याइतका पैसा आणि वकील असलेलीच कंपनी अर्ज करेल, आणि ती अर्ज करेल जगभर खपणाऱ्या रंगासाठी. जरबेराचं रोप घेताना आपला शेतकरी आजही परदेशी वाणाची रॉयल्टी भरतोच. त्यावर जनुकाचा आणखी एक थर चढला की रोप तितकं महाग. २००१ चा आपला वाण संरक्षण कायदा शेतकऱ्याला बी राखायचा, देवाणघेवाणीचा हक्क देतो. पण टिश्यूच्या रोपाचं बी राखून तो करणार काय? या खेळात शेतकऱ्याच्या बाजूने उतरू शकतात त्या सरकारी संस्था, आणि त्या लांब नाहीत. फुलांच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था, भारतीय कृषी संशोधन परिषदेची, पुण्यातच आहे. टिश्यू कल्चरमध्ये पुण्याचा हात कुणी धरू नये: पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने बांबूला बाटलीतच फुलं आणली आणि १९९० मध्ये ते ‘नेचर’मध्ये छापून आलं. तंत्र आहे, माणसं आहेत, पन्नास-साठ किलोमीटरवर पॉलिहाऊसं आहेत. फुलकिड्यांना तोंड देणारा जरबेरा किंवा भुरीला दाद न देणारं एखादं फूल या संस्थांनी करायचं ठरवलं, तरी पहिल्या शेतचाचणीपासून त्यांना बीटी वांग्याच्याच रांगेत उभं राहावं लागेल. २०१० पासून स्थगितीत असलेली ती रांग कोणता संशोधक आपल्या नोकरीच्या वर्षांत पार करेल? तो साहजिकच दुसरा विषय घेतो, आणि पॉलिहाऊसमध्ये पुढच्या सोमवारची फवारणी ठरलेली असते.